खदानीतल्या काचेच्या छत्र्या

मे महिन्यात अख्खं जग आंबे खायला कोकणात येतं, आणि रत्नागिरीची ही बाई ट्रंक घेऊन यवतमाळ जिल्ह्यात निघाली, म्हणजे तिचं डोकं ठिकाणावर नाही, असं आमच्या शेजारच्या काकूंनी जाहीर केलं होतं. परत आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो, "काळी ठिक्कर पडलीस, पाहिलंस तरी काय?" मी सांगितलं, जेलीफिश पाहिले. काकूंनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. तेव्हापासून मनात होतं की हे सगळं नीट लिहून काढावं, निदान काकूंसाठी तरी.

मी इथल्या कॉलेजात प्राणिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर आहे. दरवर्षी फळ्यावर जेलीफिशची आकृती काढते. छत्री काढायची, मधे दांड्यासारखं तोंड आणि कडेला बारीक सोंडांसारख्या शुंडकांची झालर. जेलीफिशला मी लहानपणापासून ओळखते. दहा वर्षांची असताना रापणीच्या जाळ्यात हात घातला आणि मनगटापासून कोपरापर्यंत निखारा फिरवल्यासारखी आग झाली होती. तेव्हा हा प्राणी समुद्राचा, आपल्या मालकीचा, असाच माझा समज. आणि ताईचं पत्र आलं पांढरकवड्याहून, जिथून समुद्र म्हणजे नकाशातली निळी शाई.

"शालू, इथं जवळच्या एका खदानीत पाण्यात काचेच्या छत्र्या तरंगतात," तिनं लिहिलं होतं. "उघडतात आणि मिटतात. मी स्वतः पाहिल्या. गावात म्हणतात देव कोपलेत. हे म्हणतात, तुझ्या बहिणीला बोलाव, तिच्या नात्यातले दिसतात." हे म्हणजे माझे भावोजी. ते अमरावतीकडचे, रस्ते खात्यात ओव्हरसियर, आणि मेहुणीची थट्टा हा त्यांचा जोडधंदा.

मला वाटलं, बेडकांची अंडी असतील. पण आमच्या जाड्या पुस्तकात एका कोपऱ्यात दोन ओळी होत्या, की या कुळातला एक अगदी लहान प्राणी गोड्या पाण्यातही क्वचित आढळतो. त्या दोन ओळींच्या जोरावर मी निघाले.

पांढरकवडा

प्रवासाचं काय सांगायचं? धूळ होती. नागपूरहून हैदराबादच्या रस्त्यानं एस.टी. जी निघाली ती तापलेल्या तव्यावरून घसरत गेल्यासारखी गेली. ट्रंकेत कॉलेजचं पितळी स्टँडचं भिंग धोतरात गुंडाळून ठेवलं होतं. ते मात्र शाबूत पोचलं.

ताईनं स्वागताला गावरान आंब्यांचा रस आणि सरगुंडे केले होते. सरगुंडे म्हणजे काडीला पीठ गुंडाळून वाळवलेल्या पोकळ नळ्या. उकडून रसात घालतात. मी रस चाखला आणि हापूसविषयी काहीतरी बोलले. भावोजी म्हणाले, "मास्तरीनबाई, तुमचा हापूस पेटीत शोभते. हा पोटात शोभते." मी तिसऱ्यांदा वाटी पुढं केली. या माणसांचं जेवण आणि बोलणं दोन्ही तिखट असतं आणि दोन्ही पुन्हापुन्हा मागावंसं वाटतं.

जेवण झाल्यावर भावोजी गंभीर झाले. खदान टेंभुरखेड्याची होती. रस्त्याच्या गिट्टीसाठी, म्हणजे खडीसाठी, खात्यानं ती फोडली, खाली झरा लागला, काम थांबलं आणि दगडी खड्ड्याचं तळं झालं. आता उन्हाळ्यात गावातल्या विहिरी तळ गाठत, तेव्हा सगळं गाव त्याच पाण्यावर जगायचं. गावाला लागून बौद्धांची वस्ती आहे, तीस-चाळीस घरांची. नागपूरला दीक्षा झाली त्याला तीन वर्षं होत आली होती. दीक्षा घेऊन आल्यावर या लोकांनी घरातले जुने देव टोपल्यांत घालून आणले आणि याच खदानीत सोडले. आणि पूर्वी नाल्यात झिरे खणून पाणी भरणाऱ्या वस्तीतल्या बाया त्यानंतर खदानीच्या पायऱ्यांवरून, सगळ्यांबरोबर, घागरी भरायला लागल्या.

त्यात यंदा या छत्र्या निघाल्या. पाटलांच्या नातवाच्या अंगावर पुरळ उठलं. मग काय, बुडवलेले देव वर आले, असं गावानं ठरवून टाकलं. गुरुवारी वस्तीच्या वाटेवर बाभळीचे काटे टाकायचे, म्हणजे त्यांना पाण्याला येता येऊ नये, असं पाटील बोलले होते. तसं झालं असतं तर त्या बायांना मे महिन्यात दोन कोस लांब नदीवर जावं लागलं असतं. "मी पाटलाले म्हटलं," भावोजी म्हणाले, "आमची साळी याच किड्याची मास्तरीन हाय. तिले पाहू द्या, मंग काटे टाका." मी पोचले तो सोमवार होता.

टेंभुरखेडा

मंगळवारी सकाळी खात्याच्या ट्रकमधून आम्ही गेलो. दौलतराव पाटील हे काही खलपुरुष नव्हते, हे मला इथं मुद्दाम सांगायला हवं. निंबाखाली खाट टाकून त्यांनी मला बसवलं, पन्हं दिलं, आणि नातवाला उघडा करून माझ्यासमोर उभा केला. पोराच्या पाठीवर घामोळं होतं. आमच्याकडे दमट हवेत सगळ्यांनाच होतं तसं, फक्त खाजवून लाल झालेलं. मी तसं सांगितलं. पाटलांनी मान हलवली, पण त्यांच्या डोळ्यांतली भीती गेली नाही. त्यांचा आधीचा एक नातू देवीच्या साथीत गेला होता, असं भावोजींनी नंतर सांगितलं. घाबरलेल्या माणसाला घामोळं म्हणून भागत नाही.

खदानीवर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. काळ्या दगडाच्या उभ्या भिंती आणि मधे हिरवट, स्तब्ध पाणी. एका बाजूला कामगारांनी सोडलेल्या ओबडधोबड पायऱ्या. मी शेवटच्या पायरीवर बसले, डोळ्यांवर हाताचा आडोसा धरला, आणि मग मला त्या दिसल्या.

मी समुद्रकाठी वाढले. भरतीच्या वेळी लाट पेटल्यासारखी चमकताना पाहिली आहे. पण असं काही पाहिलं नव्हतं. रुपयाएवढ्या, काही तर पावलीएवढ्याच, शेकडो पारदर्शक छत्र्या त्या पाण्यात वरखाली करत होत्या. एक आकसायची, टुणकन वर यायची, मग पसरून अलगद खाली उतरत जायची, पार दिसेनाशी होईपर्यंत. तिच्या जागी दुसरी यायची. आवाज कसलाही नाही. पाण्यावर तरंगसुद्धा उठत नव्हता. जणू खदान श्वास घेत होती. मी एक वाटीत घेतली तर वाटी रिकामीच दिसली. वाटी उन्हात तिरपी धरली तेव्हा कळलं, की आत चार नाजूक रेषांचा क्रॉस आहे, मधे लोंबणारं तोंड, आणि कडेनं केसापेक्षा बारीक शेकडो शुंडकं. माझ्या फळ्यावरची आकृती माझ्या तळहातावर धडधडत होती. मला रडू आलं, आणि भावोजी जवळ असूनही मी ते लपवलं नाही.

शुंडकांत दंशपेशी असतात. प्रत्येक पेशीत स्प्रिंगसारखा गुंडाळलेला एक विषारी धागा. पाण्यातली पिसू धडकली की धागा सुटतो, टोचतो, आणि पिसू लुळी पडते. मग ती तोंडाकडे ओढली जाते. मेंदू नाही, हृदय नाही, हाडाचं तर नावच नको. अंगात शंभरातले नव्वदाहून जास्त भाग नुसतं पाणी. तरीही ती शिकार करते आणि उजेड ओळखते. समुद्रातल्या हिच्या मोठ्या बहिणींचा धागा आपल्या कातडीत शिरतो, माझ्या हातात शिरला होता. हिचा इतका तोकडा की माणसाच्या कातडीपुढे त्याचं काही चालत नाही. हे पुस्तकात होतं, पण पाटलांना पुस्तक दाखवून उपयोग नव्हता. म्हणून मी वाटीतली छत्री उचलून मनगटाच्या आतल्या मऊ भागावर ठेवली. मग वरच्या ओठाला लावली.

काठावर जमलेलं गाव एक पाऊल मागं सरकलं. मीही मनातून जरा टरकलेच होते. काही झालं नाही. ओठाला थंड लागलं, एवढंच. कोणीतरी हळूच म्हणालं, "बाईले काई होऊन नाई राह्यलं." दोनचार बाया पदराआड हसल्या.

पाटील हसले नाहीत. त्यांचा प्रश्न वेगळा होता आणि रास्त होता. एवढी वर्षं खदान आहे, मग हे आत्ताच कुठून आले?

गोटा

या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं आणि त्याचा मला फार गर्व होता. तो गर्व बुधवारी कसा उतरला ते सांगते.

जेलीफिश हे त्या प्राण्याचं अर्धंच आयुष्य असतं. छत्र्यांत नर-मादी असतात. त्यांच्या अंड्यातून केसाळ ठिपक्यासारखी अळी निघते, पोहत तळाशी जाते आणि दगडाला चिकटते. तिथं तिचा होतो पॉलिप, एक बारकीशी नळी. समुद्रातल्या कितीतरी जेलीफिशचा पॉलिप एकावर एक रचलेल्या बशांसारखा होतो आणि वरची एकेक बशी सुटून पोहत जाते. गोड्या पाण्यातल्या या छोटीची तऱ्हा निराळी. पॉलिप अर्ध्या तिळाएवढा, त्याला शुंडकंही नाहीत. तो दगडावर वर्षानुवर्षं गुपचूप बसून राहतो. स्वतःच्या अंगाला अंकुर फुटून दोनाचे चार होतो. दिवस वाईट आले तर गोळी होऊन, सुकूनसुद्धा, तगून राहतो. आणि एखाद्या उन्हाळ्यात पाणी पुरेसं तापलं, खायला भरपूर असलं, की अंकुरातून छत्र्या सोडतो. काही आठवडे छत्र्यांचा मेळा, मग सगळं शांत. पुढचा मेळा कधी, ते सांगता येत नाही. म्हणजे छत्र्या आत्ता दिसल्या तरी त्यांचं घर तळाशी कधीचंच असणार. ते घर मी गावाला दाखवणार होते.

बुधवारी सकाळी साडी खोचून मी पाण्यात उतरले. एका उथळ कपारीत एक गुळगुळीत गोटा हाताला लागला. वर आणला, भिंगाखाली धरला, आणि त्यावर ते होते. पांढुरक्या, इवल्या नळ्या, दोनदोन चारचारच्या झुपक्यांत. एकीच्या कुशीला गोल फुगा आला होता आणि त्या फुग्यात जन्माला न आलेली छत्री आकसत होती, पसरत होती. सुटी होण्याआधीच ती पोहायचा सराव करत होती. मी ओरडले, घर सापडलं, या, बघा, सगळे याच गोट्यातून निघतात. पाटलांना हाताला धरून भिंगापाशी आणलं.

पाटलांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग डोळा काढून त्यांनी गोटा हातात फिरवला. खालच्या बाजूला, खाचेत, शेंदूर होता.

"मरीमाय हाय हे," ते म्हणाले. "मास्तरीनबाईनंच सांगतलं ना आता, याच्यातूनच निंगते म्हून."

मी समजावायला लागले. शेंदराचा काही संबंध नाही, दगड तो दगड, वगैरे. कोणी ऐकत नव्हतं. मी स्वतःच्या तोंडानं साक्ष देऊन बसले होते. लोक पायऱ्या चढून जायला लागले. एकानं उद्यापर्यंत कशाला थांबायचं, काटे आजच आणू, असं म्हटलेलं मी ऐकलं. भावोजी माझ्याकडे बघत होते आणि आयुष्यात प्रथमच त्यांना थट्टा सुचत नव्हती. मला तिथंच बुडून जावंसं वाटलं.

वस्तीच्या बाया थोड्या लांब, रिकाम्या घागरी घेऊन थांबल्या होत्या. त्यांच्यातली एक उंच, पिकल्या केसांची बाई पुढं आली. पंचफुलाबाई तिचं नाव. गिट्टी फोडायच्या कामावर तिचं आयुष्य गेलेलं. भावोजी तिला चांगलं ओळखत होते. तो गोटा तिच्या घरातला होता, टोपलीत घालून तिनंच आणला होता. "फेकला नोता," तिनं मला नंतर सांगितलं. "हळूच सोडला. कोनी एवढी वर्सं घरात राह्यलं तर त्याले फेकून कसं द्याव?"

पण त्या वेळी ती गोट्याविषयी काहीच बोलली नाही. तिनं मला विचारलं, "बाई, तुमी एकच गोटा काहून काढला?"

मग ती भावोजींकडे वळली. "गिट्टीचा ढीग पास कराचा असन, तर साहेब चार जागी हात घालते. वरून चांगली न आत माती असते म्हून. एका जाग्यावरून कोनता साहेब ढीग पास करते?"

भावोजी खदखदून हसले. पाटील चौथ्या पायरीवर थबकले. त्यांनी स्वतः सडकेची ठेकेदारी केली होती, ढीग कसे पास होतात हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

वर्गात दरवर्षी मी मुलांना सांगते, एका नमुन्यावरून निष्कर्ष काढू नका. आणि इथं आनंदाच्या भरात पहिलाच गोटा उचलून मी डांगोरा पिटला होता.

पंचफुलाबाईनं पाटलांनाच विचारलं, कुठला गोटा काढू ते तुम्ही सांगा. पाटलांनी जरा विचार करून पलीकडचा कोपरा दाखवला, जिथं त्यांचे बैल धुतात. ती कमरेइतक्या पाण्यात गेली आणि तिथला दगड घेऊन आली. मी भिंग लावलं. झुपके होते. मग त्यांनी गावाच्या पायरीखालची चीप मागितली. तिच्यावर होते. बुडालेलं बाभळीचं लाकूड. त्यावर होते. शेवटी पाटलांनी पाण्यात दोरानं सोडलेली आपल्याच घरची जुनी फुटकी बादली ओढून घेतली. तिच्या बुडावर तर इतके होते की मला भिंगाशिवाय पांढरी बुरशी आल्यासारखे दिसले. दरवेळी पाटील आधी स्वतः बघायचे, मग मागच्याला बघू द्यायचे. रांग लागली. पोरं पुन्हापुन्हा शेवटी जाऊन उभी राहत होती.

"मंग हे पह्यले आले कुठून?" पाटलांनी विचारलं. आवाज आता वेगळा होता.

मी सांगितलं की मला माहीत नाही. बगळ्याच्या पायाला चिकटून आले असतील, पाणवनस्पतीबरोबर आले असतील, सुकलेल्या गोळीच्या रूपात कुठूनही. खरं तेच सांगायचं असं एव्हाना मी ठरवलं होतं, मग ते कितीही अर्धवट असो. पाटलांनी बादली परत पाण्यात सोडली. दोराची गाठ पुन्हा घट्ट केली. काट्यांविषयी ते काहीच बोलले नाहीत, आणि जाताना नातवाला हाक मारून पाण्याजवळ जाऊ नको असंही म्हणाले नाहीत.

गुरुवार

तरी धाकधूक होतीच. गुरुवारी सकाळी भावोजींना उठवून मी पहिल्या ट्रकनं गेले. वस्तीच्या वाटेवर काटे नव्हते. पायऱ्यांवर दोन्हीकडच्या बाया होत्या. एकमेकींशी बोलत नव्हत्या, पण घागरी एकाच पाण्यात बुडत होत्या. छत्र्यांना घागरीचा धक्का लागला की त्या बाजूला व्हायच्या.

मला तो गोटा कॉलेजसाठी न्यायचा होता. पॉलिप काचेच्या बरणीत कदाचित जगले असते. मी पंचफुलाबाईची परवानगी मागितली. ती म्हणाली, खुशाल न्या, फक्त तिकडे कोणी त्याच्या पाया पडायला लागू नये एवढं पाहा. मग मी जरा हुरळून, जरा कौतुकाच्या अपेक्षेनंही असेल, म्हणाले, "बरं झालं, शेवटी गावानं पाणी दिलं तुम्हाला."

तिनं घागर पायरीवर टेकवली.

"देल्लं म्हन्ता? बाई, इथं तळं नोतं. सपाट खडक होता, मानसाले उभं राहाले सावली नोती. माह्या सासूनं फोडला, मी फोडला, माह्या पोरीनं फोडला. फोडून फोडून सडकीवर नेला, तवा हे पानी लागलं. त्याच्यात देव हाय का किडा हाय, ते तुमी पाहा. पानी आमी काढलं."

घागर डोक्यावर घेऊन ती निघून गेली. रागावलेली नव्हती. तिला उन्हाच्या आत घरी पोचायचं होतं.

तीन दिवस मी त्या खदानीत वाकून पाण्यात पाहत होते. मान वर करून भिंतीकडे एकदाही पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. काळ्या दगडावर पहारीचे ओरखडे होते, बोटाएवढे, एकाखाली एक, पार वरच्या काठापासून पाण्यापर्यंत, आणि पाणी नितळ होतं म्हणून पाण्याखालीही जिथवर नजर पोचत होती तिथवर. चारही भिंतींवर होते. बाया घागरी भरून गेल्या, भावोजींनी वरून दोनदा हाक मारली, तरी मला तिथून हलवेना.